ढ कोण?

शाळेत ज्याला कुणी नाव ठेवलं नाही, असा माणूस शोधून सापडायचा नाही. कुणी बटाटा, कुणी लंबू, कुणी आणखी काय! मोठेपणी ती नावं आठवून आपण पोट धरून हसतो. पण ज्याला ते नाव चिकटलं होतं, तोही हसतो का, हे आपण कधी विचारत नाही. पुंडलिकनगरच्या नीरजानंही विचारलं नव्हतं, आणि ती तर शाळेतली सगळ्यात हुशार मुलगी!

दहावीचा निरोप समारंभ शनिवारी होता. साऱ्या दहावीच्या वतीनं बोलायचा मान नीरजाला मिळाला होता. दोन दिवस खपून तिनं पाच पानी भाषण लिहिलं आणि तपासून घ्यायला शकीला मॅडमकडे नेलं. शकीला मॅडम मराठी शिकवायच्या. त्यांच्या शुद्धलेखनाचा धाक असा, की मुख्याध्यापकही नोटीस लावण्याआधी ती त्यांना दाखवायचे. शिवाय त्या ‘ड’ तुकडीच्या वर्गशिक्षिका होत्या.

मॅडमनी तीन पानं भराभर वाचली. चौथ्यावर त्यांचं पेन थांबलं.

“हे काय? ‘आणि आमची लाडकी दहावी ढ!’”

“गंमत आहे, मॅडम. सगळेच म्हणतात. ते स्वतःसुद्धा म्हणतात.”

“ते शनिवारी येणार नाहीत. बेचाळीसच्या बेचाळीस! कालच सांगून गेले, ‘मॅडम, शेवटच्या दिवशी तरी आपलं हसं करून घ्यायचं नाय.’”

नीरजानं त्या ‘ढ’वर पटकन बोट ठेवलं. कारण एक गोष्ट फक्त तिलाच ठाऊक होती, निदान तिला तसं वाटत होतं. आठवीत मार्कांप्रमाणे तुकड्या पाडल्या, तेव्हा ‘अ’च्या यादीत तिचं नाव पहिलं होतं आणि तिची जिवाभावाची मैत्रीण आफरीन ‘ड’मध्ये गेली होती. त्याच दिवशी नव्या मैत्रिणींना हसवायला नीरजानं खडू घेतला आणि ‘ड’च्या दारावरच्या अक्षराला खाली एक गाठ मारली. ‘ड’चा ‘ढ’ झाला! अक्षर दुपारीच कुणीतरी पुसलं. नाव मात्र तीन वर्षं राहिलं.

“मठ्ठ माणसाला ढ का म्हणतात, ठाऊक आहे?” मॅडमनी विचारलं.

“नाही, मॅडम.”

“असं सांगतात, की ब्राह्मी लिपीपासून आजवर सगळी अक्षरं रूप बदलत आली. एकट्या ‘ढ’नं बदलायचं नाव घेतलं नाही. म्हणून ज्याच्यात काही फरक पडत नाही, तो ढ. आता माझ्या पोरांकडे बघ. आठवीत जुनेदला जोडाक्षर वाचता यायचं नाही, यंदा त्यानं कथाकथनात जिल्ह्यात बक्षीस आणलं. सम्यक पहाटे दुधाचा रतीब घालून येतो, पण पहिला तास एकदाही बुडवला नाही. शाळेच्या नळाला पाणी आलं की टाक्या कोण भरतं? साऱ्या शाळेनं त्यांच्या हातचं पाणी प्यायलंय! आणि दौलताबादची सहल विसरलीस?”

ती सहल विसरणं शक्यच नव्हतं. किल्ल्यातल्या ‘अंधारी’ नावाच्या भुयारात गाईडची बॅटरी बंद पडली, वटवाघळं फडफडली आणि ‘अ’ची हुशार मंडळी रडायला लागली. तेव्हा ‘ड’च्या पोरांनी हातात हात धरून साखळी केली आणि एकेक पायरी मोजत सगळ्यांना उजेडात आणलं. नीरजाचा हात आफरीननं धरला होता.

“माझी पोरं तीन वर्षांत कुठून कुठं गेली!” मॅडम म्हणाल्या. “आणि तुमचा विनोद आठवीत होता तिथंच आहे. मग तूच सांग, ढ कोण?”

नीरजानं पेन घेतलं आणि ते वाक्य खोडलं. मग ती हळूच म्हणाली, “मॅडम, ते नाव मी ठेवलं.”

मॅडम रागावल्या नाहीत. “मला कशाला सांगतेस? ज्यांना ठेवलंस, त्यांना जाऊन सांग.”

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत नीरजा ‘ड’च्या वर्गात गेली. वक्तृत्वाची अर्धा डझन बक्षिसं मिळवलेली ही मुलगी, पण चार वाक्यं बोलायला तिला तीनदा सुरुवात करावी लागली. सांगून झालं.

“म्हंजे ते तू केलंस?” जुनेद कपाळावर हात मारून म्हणाला. “अन् आम्ही तीन साल ‘ब’वाल्यांशी भांडतोय!”

कुणीतरी खुदकन हसलं. आफरीन मात्र हसली नाही.

“मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुझ्या बाहीला खडू लागला होता.”

“मग बोलली का नाहीस गं?”

“तू येऊन बोलशील म्हणून थांबले. लई उशीर केलास.”

“आणि तरी अंधारीत माझा हात धरलास?”

“अंधारात हात कुणाचा, ते बघत बसतात का?”

नीरजाला रडू आवरेना. “माझं चुकलं, आफरीन. तुम्ही सगळे शनिवारी या. ते वाक्य मी काढलंय. माझा अर्धा वेळ तुमचा, तू बोल.”

आफरीननं वर्गाकडे पाहिलं. मागून सम्यक ओरडला, “आधी विचार, खायला काय हाय! जिलेबी असंल तर येतो.”

जिलेबी होती. बेचाळीसच्या बेचाळीस आले! नीरजानं साऱ्या शाळेसमोर आपली चूक सांगितली आणि माईक आफरीनच्या हाती दिला.

“अभ्यासात आमची तुकडी मागं होती, खोटं कशाला बोलू,” आफरीन म्हणाली. “पण आम्ही कुणाला मागं सोडलं नाय.”

आधी ‘अ’ तुकडी उठून उभी राहिली, मग ‘ब’, मग ‘क’. टाळ्या थांबेचनात. शकीला मॅडम चष्मा काढून उगीचच पुसत बसल्या.

मित्रहो, नावं ठेवायला अक्कल लागत नाही, क्षणभराची मस्ती पुरते. ते नाव काढून घ्यायला मात्र स्वतः चालत जावं लागतं आणि मान खाली घालावी लागते. ज्याला ते जमतं, तोच खरा शिकला! तुमच्या वर्गातही असं नाव चिकटलेलं कुणीतरी असेलच. नंबर मिळवा, आजच फोन करा आणि त्याला त्याच्या आईनं ठेवलेल्या नावानं हाक मारा.