जुना आवाज कोणी वापरतं का?

"ताई, हे बोलंना झालंय," कानावरचा हेडफोन काढत देवराम म्हणाला.

मंजुषानं घड्याळाकडं पाहिलं. अकरा वाजले होते आणि बाराला साहेब परीक्षा घ्यायला येणार होते. देवराम येवल्याकडचा, जन्मापासून आंधळा. नाशिकच्या या सरकारी कचेरीत तो अकरा वर्षं खुर्च्यांना वेत विणत होता. मंजुषा तिथलीच कारकून. तिनं हौसेनं लिनक्स ही संगणकप्रणाली शिकून पडद्यावरचं मराठी वाचून दाखवणारा प्रोग्राम जुळवला आणि देवरामला त्यावर टायपिंग शिकवलं. आज त्यानं एक पत्र एकट्यानं टाइप केलं, तर आवक-जावकच्या टेबलावर त्याची नेमणूक होणार होती. नाही तर पुन्हा वेत.

परीक्षेला सगळं ताजं असावं म्हणून काल तिनं मशीन अपडेट केलं. नको तिथं टापटीप! तिचा प्रोग्राम ज्या परदेशी प्रोग्रामच्या आधारावर उभा होता, त्याच्या नव्या आवृत्तीतून जुना चिरका आवाजच काढून टाकला होता. नवा आवाज गोड होता, पण पहिलं मराठी अक्षर आलं की बंदच पडायचा, मग इंग्रजीही वाचायचा नाही.

जुना आवाज जाणार हे तिला ठाऊक होतं, पण कालच्या घाईत ते डोक्यातून निसटलं होतं. तो प्रोग्राम सांभाळणाऱ्या माणसानं दोन महिन्यांपूर्वी ई-मेलच्या गटावर सगळ्यांना विचारलं होतं, "जुना आवाज कोणी वापरतं का? पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर काढतो." त्यावर मोठं भांडण पेटलं. आवाज कुठला हवा ते वापरणाऱ्यानं ठरवायचं, असं काहींनी लिहिलं. मी सांभाळायचं आणि तुम्ही ठरवायचं हे चालणार नाही, असं तो म्हणाला. पण 'मी वापरतो' असं कोणीच लिहिलं नाही. इंदिरानगरच्या घरी बसून मंजुषानं तीनदा उत्तर लिहिलं आणि तीनदा पुसलं. आपलं इंग्रजी हे असलं, आणि एवढ्या मोठ्या माणसाला आपण काय सांगणार? कचेरीतही वीस वर्षांत तिनं कुठल्या साहेबाला 'नाही' म्हटलं नव्हतं. वाटलं होतं, दुसरं कोणीतरी सांगेलच. सोळाव्या दिवशी आवाज गेला.

"जुनी सीडी घरी आहे," ती म्हणाली. "पण परत चढवायला तीन तास लागतील. साहेबांना उद्या या म्हणून सांगू का?"

"सांगा की. त्यात काय भ्यायचं?"

साहेब अर्धा तास आधीच आले. "काय मॅडम, मशीन ठीक आहे ना?"

देवरामचा चेहरा तिच्याकडे वळला होता.

"हो सर," ती म्हणाली, आणि मग तिला स्वतःचीच भीती वाटली.

देवरामनं मुका हेडफोन नीट कानांवर चढवला आणि टाइप करायला लागला. बोटं झरझर चालली. मराठी-इंग्रजी बदलायची कळ दाबली की जुना आवाज भाषेचं नाव सांगायचा. आज कोणी सांगितलं नाही. पानभर इंग्रजी अक्षरांचा कचरा उमटत गेला आणि मंजुषा तो बघत उभी राहिली.

"अरेरे. काय झालं, देवराम?"

"बोटं चुकली, साहेब."

"असू दे. वेताचं काम तुझं छानच आहे," साहेब मायेनं म्हणाले आणि गेले.

मंजुषानं मेल उघडला. शब्दकोश न बघता मोडक्या इंग्रजीत लिहिलं, 'एक माणूस वापरतो. मराठीसाठी. आज त्याची नेमणूक गेली. मी तेव्हा भीतीनं गप्प बसले.' पुन्हा न वाचताच तिनं पाठवायची कळ दाबली.

संध्याकाळी ती मागच्या खोलीत गेली. बादलीत वेत भिजत पडला होता. देवरामनं पावलं ओळखली आणि हातातली खुर्ची पुढं सरकवली.

"बसून बघा ताई. कुठं ढिली तर नाय?"

ती बसली. दोन्ही बाजूंना रेलून बघितलं.

"डावीकडं सैल आहे," ती म्हणाली.

देवरामनं मान हलवली, खुर्ची मांडीवर ओढली आणि डाव्या बाजूचा वेत उसवायला घेतला.