एकच ओळ लावणारा माणूस

विश्राम सावंतांना खोटी नाणीसुद्धा उधळवत नव्हती, आणि ही गोष्ट त्यांनी तीन आठवडे कंपनीत कुणाला कळू दिली नव्हती.

हवाई दलात अठ्ठावीस वर्षं रडारं दुरुस्त करून ते वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. कुडाळला परतायचं सोडून त्यांनी चंदीगडजवळ झिरकपूरला फ्लॅट घेतला आणि २००३ साली मोहालीत गुरनाम सिंगांच्या कंपनीत नोकरी धरली. ही कंपनी परदेशातल्या कॅसिनोंसाठी व्हिडिओ स्लॉट यंत्रांचे खेळ तयार करायची. इथे पैसा लावायचा प्रश्नच नव्हता, पडद्यावर नुसते नाण्यांचे आकडे. यंत्रापुढे बसून दिवसभर खेळायचं, बटणं, दिवे, आवाज तपासायचे आणि प्रत्येक डाव वहीत टिपायचा, हे सावंतांचं काम. त्यांची बायको वंदना शेजारणींना सांगायची, "हे इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहेत." खरं सांगायची तिची छाती नव्हती.

खेळात पाच चक्रं होती आणि त्यांवरून आडव्या-तिरक्या जाणाऱ्या वीस ओळी. किती ओळींवर नाणं लावायचं ते खेळणाऱ्याने ठरवायचं. सूचनापत्रात मात्र स्वच्छ लिहिलं होतं, की चाचणी करणाऱ्याने वीसही ओळी लावाव्यात, म्हणजे डावाला वीस नाणी. पहिल्या दिवशी वीसेक डावांतच सावंतांची दीडशे नाणी गेली. ज्या माणसाने आयुष्यभर साबणाचा तुकडासुद्धा नव्या वडीला चिकटवून वापरला, त्याने वीस-वीस नाणी फुंकायची कशी? त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि एका ओळीचं बटण दाबलं. वहीत ते इमानाने 'ओळ १' असंच लिहीत. वही कुणी उघडत नव्हतं, हा भाग वेगळा.

आणि गंमत म्हणजे यंत्र त्यांच्यावर प्रसन्न होतं. सकाळी हजार नाण्यांनी सुरुवात करावी तर संध्याकाळी अठराशे, कधी दोन हजार. सावंतांनी हे काटकसरीचं फळ मानलं. कोकणी माणूस, देव देतो म्हटल्यावर कारण विचारायला जातो कशाला!

खेळाचं सारं गणित नीला देशमुखचं. पोरगी अकोल्याची, वय चोवीस, चंदीगडच्या विद्यापीठातून संख्याशास्त्र शिकलेली. तिचा हा पहिलाच खेळ. सोमवारी यंत्र लाकडी खोक्यात भरून परदेशातल्या तपासणी प्रयोगशाळेकडे जायचं होतं. गुरनाम सिंगांनी बजावून ठेवलं होतं, की तिथून खेळ नापास होऊन परत आला तर गिऱ्हाईक जाईल, आणि गिऱ्हाईक गेलं की गणिताचं टेबल बंद. कंपनीत गणिताचं टेबल एकच होतं आणि त्यावर नीला बसायची.

शनिवारी जेवायच्या सुट्टीत दोघं डबे उघडून बसले. सावंतांना या पोरीचं फार कौतुक. रडारच्या पडद्यावरचा ठिपका त्यांना कळायचा, पण ही ठिपका उमटायच्या आधी तो लाखात किती वेळा उमटेल ते सांगायची.

"काय गो नीला, ह्या यंत्राक इतकी अक्कल दिली कोणी?"

"एकानं नाही काका, शंभर वर्षं लागली," नीला रंगात आली. "आधी लोखंडी चक्रं होती, स्प्रिंगवर फिरणारी. एकेका चक्रावर चित्रं मावून मावून किती मावतील? म्हणून बक्षीसही लहान. मग १९७६च्या सुमाराला अमेरिकेत टीव्हीच्या पडद्यावर चक्रं आली. पुढे संगणक आकडे उचलू लागला. तुम्ही बटण दाबलं त्या क्षणीच निकाल लागलेला असतो. चक्रं फिरतात ती आपली करमणूक म्हणून. मागच्या डावाचं यंत्राला काहीच आठवत नाही."

"म्हणजे आता पडेल, मग पडेल, असं काय नसतं?"

"काहीच नसतं. पण लाखो डाव घेतले की शंभर नाण्यांतली पंच्याण्णव परत येतात, पाच मालकाची. एक डाव कुणाच्या बापाला सांगता येत नाही, पण लाख डाव मला सांगता येतात." तिचे डोळे चमकत होते. "चक्रावरचा माझा मोर पाहिला ना? तीन मोर कुठेही पडू देत, एका ओळीत यावे लागत नाहीत. ओळीचं बक्षीस त्या ओळीवरच्या नाण्यावर मिळतं, अन् मोराचं डावात लावलेल्या एकूण नाण्यांच्या पाचपट. वीस लावले तर शंभर."

सावंतांचा घास हातातच राहिला. वीस लावले तर शंभर, मग एक लावलं तर पाच. त्यांना मात्र दर खेपेला शंभर मिळत होते.

ते डबा तसाच झाकून यंत्रापाशी गेले आणि वही उघडली. ओळ १, तीन मोर, शंभर. दुसऱ्या पानावर तेच, दहाव्या पानावर तेच. तीन आठवडे जिला ते काटकसरीचं फळ समजत होते, ती नीलाची चूक होती. सांगावं तर पोरीच्या पहिल्या खेळावर आपल्याच हाताने पाणी पडणार, आणि तीन आठवडे सूचना मोडल्याचंही उघड होणार. न सांगावं तर प्रयोगशाळा सांगेलच. इकडे आड तिकडे विहीर. शेवटी वही काखेत मारून ते तिच्या टेबलापाशी गेले.

नीलाने दोन पानं पाहिली आणि ती पांढरीफटक पडली. तिने आपला तक्ता उघडला. मोरासमोर 'एकूण नाण्यांच्या पाचपट' असं हवं होतं, तिथे तिने सरळ शंभर लिहून ठेवलं होतं. संगणकावर तिने एक कोटी डाव खेळवले होते, पण सगळे वीस ओळींचे, आणि तिथे हिशोब चोख बसत होता. आता तिने तेच एका ओळीवर लावून पाहिलं. पडद्यावर आकडा आला, शंभराला एकशे नव्वद.

"काका, तुम्ही एकच ओळ काऊन लावत होते?"

"हात होत नाही गो," सावंत ओशाळून म्हणाले.

ती हसली नाही. सावंतांनी आवाज खाली आणला. "हे बघ, माझ्यावर ढकल. म्हण, सावंतांनी सूचना मोडली, कामाचा गोंधळ केला, म्हणून यंत्र थांबवायला लागतंय. तोवर तू गुपचूप दुरुस्त कर. मला पेन्शन आहे. आमच्याकडे हवाई दलात असंच चालायचं, चूक कुणाचीही असो, खालच्या माणसाच्या गळ्यात."

नीलाने वही उचलली आणि ती तडक गुरनाम सिंगांच्या काचेच्या केबिनमध्ये गेली.

सावंतांना आपल्या यंत्रापुढच्या खुर्चीतून काचेपलीकडचं सगळं दिसत होतं. ती उभ्याने बोलत होती, बोट वहीवर आणि मग स्वतःच्या छातीवर. गुरनाम सिंग ताडकन उठले. टेबलावर हात आपटल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला. थोड्या वेळाने दार उघडलं आणि गुरनाम सिंग त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले.

"सावंतसाब, शीट पे कितनी लाइन लिखी थी?"

"बीस, सर."

"आप ने कितनी खेली?"

"एक, सर."

गुरनाम सिंगांनी कपाळाला हात लावला. "दुनिया का हर कंजूस ये मशीन लूट के ले जाता, ओ जी! और हम सब बीस-बीस खेल के खुश बैठे थे." मग ते कारकुनाकडे वळून ओरडले, "ट्रकवाले को बोलो, सोमवार नहीं, बुधवार!" आणि जाता जाता म्हणाले, "मैंने पूछा, किस की गलती है. लड़की ने कहा, मेरी. पूरी बात में आप का नाम एक ही बार लिया, कि गलती आप ने पकड़ी."

नीला बाहेर आली. डोळे लाल होते, पण चाल सरळ होती. तिला पुन्हा तक्त्याशी बसायचं होतं, एका ओळीपासून वीस ओळींपर्यंत प्रत्येक प्रकारे कोटी कोटी डाव खेळवायचे होते.

अठ्ठावीस वर्षांत सावंत अनेक साहेबांसाठी उठून उभे राहिले होते, आणि त्यांतल्या एकाच्याही तोंडून त्यांनी 'चूक माझी' हे शब्द ऐकले नव्हते. नीला टेबलापाशी पोचायच्या आधी ते खुर्चीतून उठले, टाचा जुळवल्या, आणि ती बसेपर्यंत तसेच ताठ उभे राहिले.