गादीखालचं कार्ड

बेकरीवालीची तक्रार आली तेव्हा मी आधी पात्याला दोष दिला आणि पाठोपाठ नवऱ्याला.

तिच्या केकच्या खोक्यांसाठी मी जाड कार्डाची जाळीदार झाकणं करून देते. लेकीने घेऊन दिलेलं कटिंग मशीन आहे. चिकट मॅटवर कार्ड दाबून बसवायचं, मॅट मशीनमध्ये सरकवायची, मग आतलं इवलंसं पातं फिरतं आणि जाळी कापून देतं. कड अशी यायला हवी की बोट फिरवलं तर कुठे अडकू नये. दुसऱ्या ऑर्डरपासून मात्र माझ्या जाळीच्या कोपऱ्यांना मिशा फुटत होत्या. बारीक दांड्या तर सरळ फाटून येत. "उंदरांनी कुरतडलंय का हो?" असं बेकरीवालीने विचारलं, आणि तेही हसत. हसत विचारलेलं मला जास्त झोंबतं.

"तुम्ही माझ्या पात्याने पॉलिश पेपर कापलात," मी घरी येऊन ह्यांना सांगितलं.

ह्यांनी उभी नोकरी गोदामाच्या वजनकाट्यावर काढली. रिटायर झाल्यापासून घरातल्या धडधाकट खुर्च्या घासून पुन्हा रंगवायचा नाद लागलाय.

"नाही कापला," हे म्हणाले.

"कापलात."

"बरं, कापला असेन," हे म्हणाले आणि चपला अडकवून नवीन पातं आणायला गेले. परत आले ते वरच्या पायरीवरच बसले. उठेचनात. मी दारात उभी राहून चार शब्द ऐकवले, की नुसतं बसून खाल्लं की जिनाही डोंगर वाटतो. त्यांनी नुसती पात्याची डबी माझ्या हातात दिली. मला वाटलं, वर्मी लागलं.

नवीन पात्यानेही मिशा आल्याच. मग मी मॅट धुतली. पात्याच्या घरात अडकलेला कागदाचा भुसा काढला. दाब वाढवला, तर मॅटच कापली गेली. वेग कमी केला, एकाच रेषेवरून दोनदा पातं फिरवलं. लेकीने फोनवर विचारलं, "आई, टेस्ट कट घेतलास का?" टेस्ट कट म्हणजे कार्डाच्या कडेला नखाएवढा चौकोन आधी कापून बघायचा. घेतला होता. मी तिच्या जन्माआधीपासून हातात कात्री धरतेय, हेही तिला सांगितलं. तिने फोन ठेवला.

संताप याचा, की सगळीच कार्डं फाटत नव्हती. एकाच गठ्ठ्यातली, एकाच रंगाची. एक लोण्यासारखं कापलं जाई आणि पुढचं चिंध्या होऊन येई. शेवटी मी न कापलेली कार्डं ओळीने टेबलावर मांडली आणि डोळे टेबलाच्या पातळीवर आणून पाहिलं. काही अगदी सपाट होती. काहींचे कोपरे उचललेले. उचललेला कोपरा मॅटला धरून बसत नाही, पातं आलं की त्याच्याबरोबर ओढला जातो आणि फाटतो. चला, पातं सुटलं आरोपातून. पण अर्धीच कार्डं का वाकावीत?

आमच्याकडे हवा दमट. कार्ड उघड्यावर राहिलं की वाकतं, म्हणून मी गठ्ठा गादीखाली ठेवते. पलंग एक, गाद्या दोन. अर्धा गठ्ठा माझ्या गादीखाली, अर्धा ह्यांच्या. गाद्या हलक्या आहेत, नुसत्या गादीचं ओझं पुरत नाही, वर माणूस लागतो. आणि माणूस ह्यांच्या अंगलटीचा असला तर कार्डाची काय बिशाद.

मी माझी गादी उचलली. कार्डं सपाट. ह्यांची उचलली. खालचं एकूण एक कार्ड वाकलेलं.

गादी हातात धरून मी तशीच उभी राहिले. तिथे कुणी झोपतच नव्हतं.

मी उशीला डोकं टेकलं की छप्पर कोसळलं तरी उठत नाही. सकाळी जाग येई तेव्हा ह्यांची चादर घडी घातलेली आणि चहा तयार. रिटायर झाल्यावर माणूस सुधारला, असं मी चारचौघींत सांगतही होते.

हे बाल्कनीत बसल्या बसल्या पेंगत होते, हनुवटी छातीवर.

"तुम्ही रात्री कुठे असता?"

"घरातच."

"घरात कुठे?"

"आपल्या पलंगाशेजारच्या खुर्चीवर."

"का?"

"आडवा झालो की दम लागतो. बसलं की बरं वाटतं," हे म्हणाले, नळाला पाणी नाही म्हणावं तसं.

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुझं कटिंगचं चाललं होतं ना."

मला कडाकडा भांडायचं होतं. "चपला घाला," एवढंच म्हटलं. चपला पायांत शिरेनात. पाय सुजले होते, आणि तेही मी आत्ता पाहत होते.

डॉक्टरीण आमच्या लेकीपेक्षाही लहान. तिने ह्यांच्या नडगीवर अंगठा दाबला आणि काढला. खड्डा तसाच राहिला.

"कधीपासून झोपता येत नाही?"

"झाले असतील चार-आठ दिवस," हे म्हणाले.

"बेकरीच्या दुसऱ्या ऑर्डरपासून," मी म्हटलं. डॉक्टरीण माझ्याकडे बघायला लागली. "दोन महिने झाले. तुम्ही दोन महिने लिहा."

तिने लिहिलं. हृदय थकलंय, फुप्फुसात पाणी साठलंय, आजच दाखल व्हायचं, म्हणाली. "लवकर आणलंत असं म्हणवत नाही. पण आणलंत. औषधाने पाणी उतरेल, मग पुढचं बघू."

संध्याकाळी ह्यांना डोक्याकडून उंच केलेल्या खाटेवर बसतं निजवलं, नाकात ऑक्सिजनची नळी. नर्स म्हणाली, "काकूंचं बारीक लक्ष असणार, म्हणून कळलं." ती बाहेर गेली.

"लक्षबिक्ष काही नव्हतं," मी ह्यांना म्हटलं. "हातभर अंतरावर तुम्ही रात्र रात्र बसून काढलीत, आणि मला ते कार्डाने सांगितलं. मला लाज वाटते."

"मला भीती वाटायची," हे हळूच म्हणाले. "मग तुझं घोरणं ऐकत बसायचो. मोठ्याने घोरतेस तू. त्या तालावर श्वास घेतला की जमायचं."

"मी घोरत नाही."

"बरं," हे म्हणाले आणि डोळे मिटले. पण झोप लागत नव्हती. छाती भराभर वरखाली होत होती, हात चादरीवर चाचपत होता.

मला झोप येणं शक्यच नव्हतं. मी खुर्ची खाटेला टेकवली, तो हात धरला, मान मागे टाकली आणि जमेल तसं घोरायला लागले.