मान वळवायची नाही

कवळीवाल्याच्या बायकोने नवऱ्याला उभ्या आयुष्यात नावाने हाक मारली नव्हती. 'अहो' एवढ्यावर तिचा संसार झाला, लेक झाली, कवळ्यांचं वर्कशॉप उभं राहिलं. म्हणून एके दिवशी जेवताना नवऱ्याने जेव्हा जाहीर केलं, की आजपासून माझं नाव माझं नाही, तेव्हा ती गालातल्या गालात हसली. तिचं त्यात काय जाणार होतं?

भांडण कर खात्याशी होतं. खात्याचं म्हणणं, कवळी ही विकायची वस्तू, तिच्यावर कर भरा. नवऱ्याचं म्हणणं, कवळी म्हणजे उपचार. ज्याच्या तोंडात दात नाहीत त्याला घास चावता आला, यात कसला आला बाजार? म्हणणं काही वेडगळ नव्हतं. तिचा धाकटा भाऊ कर सल्लागार होता, त्यालाही मुद्दा लढवण्यासारखा वाटला. तो लढला आणि खालपासून वरपर्यंत हरला. मग त्याने समजावलं, की दाजी, आता वसुलीची शेवटची सुनावणी. हजर राहा, थकबाकी कबूल करा, मी हप्ते बांधून घेतो, वर्कशॉप वाचेल. खात्याचा वकीलही त्याला राजी होता.

पण 'कबूल' हा शब्द नवऱ्याच्या घशाखाली उतरेना. खोटं काही केलं नाही तर मान खाली का घालायची, असं त्याचं म्हणणं. स्वाभिमान चांगलाच, पण तो एकदा डोक्यात गेला की माणूस कोणाच्याही नादी लागतो, आणि नादी लावणारे टपलेलेच असतात.

त्या सुमारास एक माणूस बातम्यांत गाजत होता. पूर्वी लिफ्ट दुरुस्त करायचा, आता त्याचे शिष्य त्याला 'सर' म्हणत. कर कोर्टात त्याने सांगितलं होतं, की तुम्ही ज्या नावाला हाक मारताय ते जन्मल्यावर मला न विचारता चिकटवलं गेलं. देणं त्या नावाचं आहे, श्वास घेणाऱ्या माझं नाही. पेपरात त्याचा कोर्टाच्या पायऱ्या उतरतानाचा हसरा फोटो आला. खटला फक्त पुढे ढकलला गेला होता, हे खाली बारीक अक्षरात होतं. भावाने त्यावर बोट ठेवून दाखवलं. नवरा म्हणाला, पेपरवाल्यांना असं लिहावंच लागतं, आणि सरांचा शिष्य झाला.

सरांचा मुख्य नियम एकच होता. नावाने हाक आली की मान वळवायची नाही. वळली, की तुम्ही ते नाव आणि त्याचं सगळं देणं पत्करलंत. पण जन्मभराची सवय अशी सुटते थोडीच? त्यासाठी घरात सराव हवा होता.

आणि सराव मायलेकींनी करून घेतला. तो साच्यात प्लास्टर ओतत असला की लेक पाठीमागून बापाच्या नावाने हाक मारायची. मान वळली तर त्या संध्याकाळची भांडी त्याने घासायची. सुरुवातीला तो रोज हरायचा. आई स्वतः नाव घेत नसे, पण तो कामात गुंगला की लेकीला डोळ्याने खूण तीच करायची. तिघं पोट धरून हसायची. खात्याची नोटीस आल्यापासून त्या घरात कोणी इतकं हसलं नव्हतं, म्हणून तिला तो खेळ आवडायलाही लागला.

मग तो जिंकू लागला. जिंकल्यावर गंभीर चेहऱ्याने काम करत राहायचा, आणि दोघी हिरमुसल्या की हळूच हसायचा. पुढे फोनवर दातांच्या एका जुन्या डॉक्टरांनी नाव घेऊन विचारलं, तर त्याने न बोलता फोन ठेवून दिला. पाठोपाठ त्यांची कामं यायची थांबली. त्याने दारावरच्या पाटीवरून नाव खरवडलं. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असत, त्यांच्या तळावरचा आपला शिक्काही एकेक करून घासून टाकला. ती कवळ्यांना हिरडीचा रंग देत बसलेली असे. त्या घासण्याच्या आवाजाने तिच्या अंगावर काटा यायचा.

एका दुपारी ती भाजी आणायला गेली असताना मेण वितळवायच्या दिव्यावर लेकीचा हात भाजला. पोरगी घाबरली, आणि तोंडात खेळातलीच हाक बसलेली, तीच बाहेर पडली. बाप हाताच्या अंतरावर कवळीला पॉलिश करत होता. त्याने मान वळवली नाही. बायको जिन्यावरून धावत आली, तेव्हा पोर हात धरून रडत होती आणि पॉलिशचं यंत्र चालूच होतं.

"मला वाटलं, खेळ चाललाय," तो म्हणाला. मग लेकीच्या हातावर गार पाणी ओतता ओतता म्हणाला, "पण बघितलंस? जराही हललो नाही."

त्याच्या आवाजात अभिमान होता, आणि त्याचीच तिला भीती वाटली. त्या दिवसापासून खेळ बंद झाला. म्हणजे त्या दोघींपुरता बंद झाला.

सुनावणीला सर मागच्या बाकावर येऊन बसले होते, एक बातमीदारही होता. शिपायाने नाव पुकारलं. नवरा लाकडी कठड्याच्या अलीकडे उभा राहून समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. न्यायाधीश बाईंनी स्वतः नाव घेतलं, तरी तेच. ज्याला हाक मारताय तो मी नाही, एवढंच त्याने सांगितलं. भाऊ कपाळाला हात लावून बसला.

न्यायाधीश बाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि बायकोला पुढे बोलावलं.

"हे तुमचेच ना? मग तुम्ही हाक मारा," त्या म्हणाल्या. "त्यांनी ओ दिली तर हप्त्यांचा अर्ज मी आत्ता ऐकते. नाही दिली तर वर्कशॉपला आज सील लागेल, आणि स्वतःचं नाव सांगेपर्यंत यांना आत ठेवावं लागेल."

ती त्याच्या मागे, दोन पावलांवर येऊन उभी राहिली. "अहो," तिने हाक मारली.

त्याने झटकन मागे वळून बघितलं. अख्खं कोर्ट हसलं, शिपाईसुद्धा. तिच्या जिवात जीव आला.

"त्या हाकेला इथले निम्मे पुरुष वळतील," न्यायाधीश बाई म्हणाल्या. "नाव घ्या."

त्याने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. मग तिने ते नाव उच्चारलं. दुसऱ्या कोणाची कवळी तोंडात घातल्यासारखं वाटलं तिला. तिने ते पुन्हा घेतलं, मोठ्याने, आणि तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा तिचा आवाज फाटला. ती त्याच्या मानेकडे बघत होती. कॉलरच्या वर, केसांच्या खाली, तिच्या रोजच्या ओळखीची ती मान. एक शीरसुद्धा हलली नाही. लेकीला डोळ्याने खुणा करकरून तिनेच ती अशी घडवली होती.

तिने मागे पाहिलं. सरांचा बाक रिकामा होता.

हुकूम लिहून व्हायला फार वेळ लागला नाही. भाऊ या हुकुमावर वरच्या कोर्टातून स्थगिती मिळते का ते बघायला धावला. हवालदाराने नवऱ्याला बाहेरच्या बाकावर बसवलं. ती शेजारी जाऊन बसली. वर्कशॉपच्या किल्ल्या तिच्या पर्समध्ये होत्या, आणि त्या घ्यायला खात्याचा माणूस समोरच उभा होता.

"संपलं ना आता सगळं," ती हळूच म्हणाली. "इथे न्यायाधीश ऐकत नाहीयेत. मी आयुष्यात पहिल्यांदा तुमचं नाव घेतलं. ऐकू तरी आलं का?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. माप द्यायला आलेल्या नव्या पेशंटकडे बघावं तसं, अगदी अदबीने.

"कोणाला?" त्याने विचारलं.

जिंकल्यावर तो थोड्या वेळाने हळूच हसायचा. ती त्याच्या तोंडाकडे बघत वाट पाहत राहिली. हवालदार उठला, नवऱ्याच्या दंडाला धरून चला म्हणाला, तरी ते हसू आलं नाही.