ठकीने तोंड उघडलं

माझा भाऊ फ्रिज दुरुस्त करतो. त्याची मुलगी ठकी बारा वर्षांची, आईवेगळी, माझ्याच हाताखाली वाढलेली. एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना ती चादरीआडून म्हणाली, "आत्या, मला कुणीतरी धमकावतंय."

फोनवरच्या खेळात तिला एक मैत्रीण भेटली होती. मैत्रीण कसली, चांगला थोराड बाप्या निघाला. गोड बोलून त्याने तिच्याकडून फोटो उकळले, आणि आता आणखी पाठव, नाहीतर सगळ्यांना दाखवीन म्हणत होता.

खाली येऊन मी भावाला सगळं सांगितलं. तो फोन आपटायला निघाला तेव्हा मी त्याचा हात धरला. "फोडू नकोस. त्या माणसाचा माग यातच आहे."

लोक काय म्हणतील ही धास्ती मनात घेऊनच आम्ही पोलीस ठाण्याची पायरी चढलो. पण तिथल्या फौजदार बाईसाहेबांनी ठकीला शेजारी बसवून घेतलं आणि 'तू असं का केलंस' हे एकदाही विचारलं नाही. माणूस परदेशात आहे असं निघाल्यावर मला वाटलं, झालं, आता या हात वर करणार. त्यांनी उलट त्या देशातल्या बालसंरक्षण पथकाला गाठलं आणि पिच्छाच पुरवला. तिकडचा फोन आला की भरल्या डब्यावरून उठायच्या.

बरेच महिने गेले. मग एका दुपारी त्यांनी आम्हाला बोलावलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तिकडचे टकलू अधिकारी होते आणि बाजूला दुभाषी बाई. माणूस पकडला गेला होता.

ठकीने हळूच विचारलं, "माझे फोटो?"

दुभाषी बाई म्हणाल्या, "त्याचे फोन, कॉम्प्युटर, सगळं आमच्या ताब्यात आहे. बाहेर कुठे काही दिसलंच, तर ते काढायला आमची माणसं आहेत. आणि साहेब म्हणतात, तू बोललीस म्हणून बाकीची मुलं सापडली. वेगवेगळ्या देशांतली. आता ती सुखरूप आहेत."

भावाने तिकडच्या भाषेत आभाराला काय म्हणतात ते विचारून घेतलं. शब्द असा, की जिभेला गाठ पडावी. त्याने तो म्हटला आणि साहेब गोंधळून दुभाषी बाईंकडे बघू लागले. ठकी खुदकन हसली. मग साहेबही हसले.

बाईसाहेबांचे आभार मानायला मी उठले, तर मला आपल्याच भाषेत शब्द सापडेना. नुसतेच त्यांचे हात धरून उभी राहिले.

"पोरीला घरी न्या," त्या म्हणाल्या, "आणि पोटभर झोपू द्या."