खळ्यावरचं टर्फ

मंगेशला गावात टर्फ पाहिजे होतं. गाव कोकणातलं, नाते गावाजवळचं, तालुका महाड. इथे पावसाळ्यात कपाटातल्या बुटांना दाढी येते, मिठाला पाणी सुटतं, आणि माणूस चार महिने अंगणात नुसता उभा राहिला तर त्याच्यावरही शेवाळ धरेल. अशा ठिकाणी खोटं गवत विकत आणून अंथरायचं. कारण खरं फुकट उगवतं, आणि मंगेश राहतो त्या खारघरात फुकटाला इज्जत नाही.

मी विपुल, गवंडी. जोतं बांधायला मला बोलावलं. जागा परसातली, ठमाबाईच्या खळ्याची. ठमाबाई म्हणजे मंगेशची आई. दीड एकर भात एकटीच्या जिवावर करते. दर वर्षी दसऱ्याच्या सुमाराला ती खळ्याची जमीन चोपणीने ठोकायची, शेणाने सारवून गुळगुळीत करायची, तिथेच भात झोडायची, वाळवायची. त्यातली पहिली गोणी खारघरला जायची. मंगेश तिथे पाहुण्यांना वाढताना सांगायचा, "आमच्या गावचा तांदूळ. ऑर्गॅनिक."

"मग भात कुठं झोडू रे?" तिने विचारलं.

"शेतातच झोड ना. आणि किती वर्षं करणार आहेस शेती?"

"तू खातोस तवर."

मंगेश हसला आणि मला म्हणाला, "विपुल, फोड." मी फोडलं. माझी मजुरी त्यातच होती, उगाच साळसूदपणा करत नाही.

मग पुण्याचा ठेकेदार सुनील आला, पांढरे बूट घालून. "दोन फूट उंच जोतं, वर जाळीच्या लाद्या, त्यावर टर्फ, टर्फच्या केसांत वाळू. कितीही पडू दे, पाणी खालून जाणार. अर्ध्या तासात कोरडं!"

"साहेब, इथला पाऊस आडवा पडतो," मी म्हटलं.

"टेक्नॉलॉजी आहे," तो म्हणाला. टेक्नॉलॉजी म्हटलं की गवंड्याने गप्प बसायचं असतं.

मे महिन्यात काम संपलं. चारी बाजूंनी जाळी, दाराला कुलूप, दारावर टांगती पाटी: 'चपला बाहेर काढाव्यात. खाण्याचे पदार्थ आणू नयेत. बाहेरच्यांना प्रवेश नाही.' बाहेरचे म्हणजे आमच्या बौद्धवाडीतले, हे पाटीवर लिहिलं नव्हतं. तेवढं न लिहिता सगळ्यांना वाचता येतं. जोतं रचणारे हात मात्र आतले.

दिवाळीत उद्घाटन ठरलं. गावाच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष मुरारीभाऊ फीत कापणार, मग बॉक्स क्रिकेट. मंगेशला पुढचा अध्यक्ष व्हायचं होतं. किल्ली आईकडे देऊन तो गेला. "रोज झाडून काढ," एवढं सांगून.

जूनपासून त्या टर्फवर खेळले ते फक्त बेडूक. ठमाबाई ब्रश घेऊन शेवाळ घासत राहिली. खळं गेलं आणि वर ही नवी चाकरी आली.

ऑक्टोबरात भात कापून झालं आणि परतीच्या पावसाने गाठलं. दोन तास ऊन, मग सर. शेतात घोटाभर पाणी. तिने भारे पडवीत रचले. आत हात घातला तर ऊब लागत होती. आणखी दोन दिवस, की भाताला मोड येणार आणि वर्षाचं जेवण जाणार.

जोत्याची एक चीर बुजवायला मी गेलो तेव्हा ती जाळीच्या दाराशी उभी होती.

"विपुल, ह्ये अर्ध्या तासात सुकतं म्हनला ना तो पुन्याचा?"

"म्हणाला."

"खोटं बोलला मेला. पंधरा मिंटात सुकतं. मी बघितलंय."

आणि तिने कुलूप काढलं.

पाटीचा मान राखून चपला बाहेर ठेवल्या. शेजारची आवडी मदतीला आली, ती दारातच अडली. "अगो ठमे, खायचं आनू नको असं लिवलंय."

"भात कुठं खायचं हाय? शिजवल्यावर खायचं."

"आणि बाहेरच्यांना प्रवेश नाही," मी म्हटलं.

"तू भारा उचल, मंग आतला."

तीन दिवस झोडणी चालली. ऊन आलं की भात पसरायचं, आभाळ भरलं की गोळा करून ताडपत्री टाकायची. भात वाचलं. शेवटी तिने केरसुणीने कोपरा न् कोपरा झाडला. पण टर्फच्या केसांतून वाळूत उतरलेले दाणे केरसुणीला कसे लागणार? पुढे आठवडाभर पाऊस, आणि दाराला कुलूप.

दिवाळीत मंडळ आलं. फीत कापली. मुरारीभाऊंनी बूट काढले, चार पावलं चालले, डोळे मिटले. "मंगेश, मानलं तुला! अगदी खऱ्यासारखं लागतं रे पायाला!"

वाकून त्यांनी चिमटीत धरलं, ओढलं. हातात रोप आलं, मुळासकट, बुडाला भाताचं टरफल. माणूस चाळीस वर्षं परळला राहिला तरी भाताचं रोप विसरत नाही.

"भाताची लावणी कधी करतोस?" मागून कुणीतरी विचारलं. मग हसं आवरेना. मॅच झाली, पण चेंडू उसळेना. अध्यक्षपदाचा विषय कुणी काढला नाही.

पाहुणे गेल्यावर मंगेशने हात पुढे केला. "किल्ली दे, आई. परत इथे एक दाणा दिसता कामा नये."

ठमाबाईने कमरेची किल्ली सोडून दिली. मग गिरणीतून भरडून आणलेली नव्या तांदळाची गोणी पडवीत गाडीसाठी तयार होती, ती घरात ढकलायला लागली.

"आई, ती आमची ना?" मंगेशची बायको समीक्षा म्हणाली.

"होती. पन टर्फवरची हाय गो. एक दाना दिसता कामा नये."

समीक्षाने नवऱ्याकडे पाहिलं. सोसायटीत चार घरी नवा तांदूळ कबूल करून झाला होता. मंगेशने माझ्याकडे पाहिलं, मी आभाळाकडे. शेवटी त्याने किल्ली ओट्यावर ठेवली आणि गोणीचं एक टोक धरलं.

"विपुल, तिकडून धर जरा."

धरलं. गोणी डिकीत गेली, गाडी गेली.

ठमाबाईने किल्ली परत कमरेला खोचली. "जाताना ती दारावरची पाटी काढून टाक रे. भारा आनताना डोक्याला लागते."