उरली मासोळी बाईची

नागभीडच्या अलीकडं, तलावाच्या पाळीला लागून जयाबाईची शाळा. शाळा म्हणायची आपली! दोन खोल्या, एक बाई आणि पटावर एकच पोरगी, तिसरीतली डिंपल. गावातली बाकीची लेकरं सकाळी पिवळ्या गाडीत कोंबून नागभीडच्या इंग्रजी शाळेत जात. टाय पाहिजे ना लोकांना! जूनअखेर पाच पोरं दाखवा, नाहीतर कुलूप लावा, असं वरून बजावलं होतं. जयाबाईला ना नवरा, ना माहेरी कुणी उरलेलं. शाळेत 'बाई' म्हणणारं कुणी नसलं, की तिला हाक मारणारंच कुणी नसे.

दारोदार फिरून पोरं मिळेनात, तेव्हा बाईनं रीलचा घाट घातला. जन्मात स्वतःचा फोटो धड काढला नव्हता, पण डिंपलला घेऊन ती तलावावर गेली. तिथं पकडलेले मासे पाळीवर ओतायचे, दर घरामागं एक असे सारखे ढीग करायचे आणि उरलेली मासोळी शाळेच्या बाईला द्यायची, अशी गावाची जुनी रीत. डिंपलनं सदतीस मासे सहा घरांत वाटले. सहा सक छत्तीस! उरलेली मासोळी शेपटीला धरून पोरगी कॅमेऱ्यात ओरडली, "उरली ते बाईची!"

रील अशी सुटली म्हणता! दोन लाख लोकांनी पाहिली. पुण्यामुंबईची माणसं खाली कमेंटमध्ये हात जोडून गेली. आनंदानं बाईला दोन दिवस भूक नाही. गावातले बापे रस्त्यात थांबवून सांगत, "बाई, तुमची रील भारी हाय!" पण पोरगं शाळेत घाला म्हटलं, की सगळ्यांच्या माना खाली.

आठव्या दिवशी डिंपलची आई गिरजा दारात येऊन उभी राहिली. आत काही येईना.

"बाई, दाखला पायजे होता."

"काऊन?"

"नागभीडचे सर गाडी घेऊन आले होते. त्याईनं तुमचीच रील पायली. अशी हुशार पोरगी दहावीवरी फुकट शिकवतो म्हनते." गिरजाला रडू फुटलं. "तुमी नाई म्हना बाई, मी नाई पाठवत तिले."

नाही म्हणायला कितीसा वेळ लागतो? निदान जूनभर तरी पोरगी राहिली असती. बाईचा जीव तीळतीळ तुटला. पण तिनं पेन उघडलं आणि दाखला लिहून दिला.

जुलैत शाळेला कुलूप लागलं. बदलीचा कागद येईस्तोवर बाई आपल्या खोलीत एकटीच भात शिजवून खाई. मासोळीही येईना. शाळाच नाही, तर शाळेची बाई कुठली?

एका दुपारी फोनवर नागभीडच्या शाळेची रील आली. टाय लावलेली डिंपल पाच पोरांत एकवीस चॉकलेटं वाटत होती. एक उरलं. तिथल्या मॅडमनं इंग्रजीत काहीतरी विचारलं. डिंपल गोंधळली, मग चॉकलेट वर धरून म्हणाली, "हे जयाबाईचं." सगळा वर्ग हसला. शाळेनं तेवढं कापलंही नव्हतं. खाली लिहिलं होतं, प्रवेश सुरू आहेत.

जयाबाई तोंडाला पदर लावून पोटभर रडली. मग ती रील तिनं स्वतःच गावाच्या ग्रुपवर टाकली. आपलं नाव कुणीतरी घेतलंय, हे गावानं ऐकावं म्हणून.